भिंतीवरची रेघ पुसणाऱ्या घरमालकास

मालक,

पत्राच्या सुरुवातीला स. न. वि. वि. लिहायची रीत आहे. ती मी मोडते आहे, कारण तुम्हाला नमस्कार करण्याची माझी इच्छा उरलेली नाही. तुमचं नाव लिहीत नाही, आळीचा पत्ताही देत नाही. चिपळुणात ज्यांनी ज्यांनी तुमच्यासारखं केलं असेल, त्यांनी हे पत्र आपल्यालाच आलंय असं समजावं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात स्वयंपाकघरातलं मिक्सरचं बटण बंद पडलं. तो बोर्ड ओट्याच्या वर, माझ्या खांद्याच्या उंचीला आहे. वायरमनने स्क्रू काढून बोर्ड पुढे ओढला, तशी आतल्या पेटीतून मूठभर माती ओट्यावर सांडली. तांबूस, खडखडीत वाळलेली, चाळलेल्या पिठासारखी बारीक. तिच्यात गवताची एक काडी होती. वायरमनने बोटाने ती माती चोळली आणि म्हणाला, "ताई, हा एकवीसच्या पुराचा गाळ." बटणाची पट्टी तुम्ही नवी कोरी बसवली होती. मागची पेटी मात्र तीच ठेवलीत.

मी तुम्हाला विचारलं होतं, मालक. एकदा नाही, तीनदा. आम्ही बडोद्याचे. 2024 च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्रीचं पाणी वस्तीत शिरलं, मगरी रस्त्यावर आल्या, ते आम्ही पाहिलेलं आहे. त्यामुळे ह्यांना लोटे इथल्या कारखान्यात नोकरी लागल्यावर घर बघताना माझा पहिला प्रश्न भाड्याचा नव्हता. "ह्या घरात पाणी आलं होतं का?" असं मी फोनवर विचारलं, व्हिडिओ कॉलवर विचारलं आणि टोकन पाठवायच्या आधी पुन्हा विचारलं. तिन्ही वेळा तुमचं एकच उत्तर, "आपल्या आळीत पाणी येत नाही."

दुसऱ्या राज्यातून येणारं माणूस कशाच्या भरवशावर घर घेतं, ह्याचा तुम्ही कधी विचार केलाय का? इथे आमचं कुणी नाही. मुलाची शाळा जूनच्या मध्याला सुरू होणार, तिकडच्या घराची मुदत मे अखेर संपणार. एप्रिलपासून हे चार वेळा वसई-पनवेलमार्गे गाडीने आले आणि हात हलवत परतले. कापसाळला, रावतळ्याला, जरा चढावरचं किंवा दुसऱ्या मजल्यावरचं काही निघालं, की आम्ही पोचेपर्यंत गेलेलं असायचं. कुठे कंपनीने आपल्या माणसांसाठी आधीच घेतलेलं, कुठे हायवेच्या कामावरच्या इंजिनीअरने त्याच सकाळी टोकन दिलेलं. चिपळुणात आता खोल्या किती ह्याच्या आधी मजला कितवा हे विचारतात. ज्याला वरचा मजला परवडत नाही किंवा मिळत नाही, तो खाली येतो. खालच्या मजल्यांवर कोण येतं हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. गावातला माणूस येत नाही, कारण त्याला पाणी कुठवर होतं ते माहीत असतं. येतो तो बाहेरचा.

आणि आम्ही घाईत आहोत हे दिसताच तुम्ही ती घाई आणखी वाढवलीत. "संध्याकाळपर्यंत टोकन आलं नाही तर दुसरं गिऱ्हाईक उभं आहे." तसं गिऱ्हाईक खरंच होतं की नव्हतं, ते तुमचं तुम्हाला माहीत. ह्यांनी स्टेशनवर उभ्या उभ्या पैसे पाठवले.

कोणती गोष्ट दडवलीत तुम्ही, तेही लिहिते, कारण हे पत्र आमच्यासारखं बाहेरून येणारं कुणीतरी वाचेल. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी आणि शिव नदीचं पाणी ह्या शहरात शिरलं. सह्याद्रीवर अफाट पाऊस, कोयनेची वीज तयार झाल्यावर पश्चिमेला सोडलेलं पाणी येऊन मिळतं ते ह्याच वाशिष्ठीला, आणि खालून गोवळकोटच्या खाडीला भरती. पाण्याला जायला वाट उरली नाही आणि बाजारपेठेत मजलाभर पाणी चढलं. एसटी आगारात व्यवस्थापक बसच्या टपावर बसून तिजोरीतली रोकड सांभाळत होते. 1864 पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली हजारो पुस्तकं चिखलात गेली. त्याआधी 26 जुलै 2005 लाही हेच गाव असंच बुडालं होतं. म्हणजे सोळा वर्षांत दोनदा. इतकं सोसल्यावर गावकऱ्यांनी 2021 च्या डिसेंबरात साखळी उपोषण केलं, तेव्हा कुठे नदीतला गाळ उपसायला सुरुवात झाली. लोक गाळ काढा म्हणून रस्त्यावर बसले, आणि तुम्ही त्याच गाळावर प्लॅस्टिक पेंट मारलात.

भिंतीवरची रेघ म्हणजे काय, हे मला शेजारच्या आजींनी दाखवलं. माती सांडली त्याच संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी काही न बोलता मला माजघरात नेलं. देवघराच्या बाजूच्या भिंतीवर दोन आडव्या रेघा आहेत, कोळशाने ओढून वर तेलरंगाने गिरवलेल्या. खालची 2005 ची, माझ्या कमरेला लागते. वरची 2021 ची. तिथे मला हात उचलावा लागला. "बाय, हितपर्यंत व्हतं पाणी," आजी म्हणाल्या. "पोरानं रंग काढायला माणूस आणलान, तर मी सांगितलंय, ह्या दोन रेघांना हात लावायचा नाय. नातसुना येतील, त्यांना कसं कळंल?" आजींचं घर आणि तुमचं घर ह्यांच्यात एकच भिंत आहे, मालक. भिंतीच्या त्या बाजूला रेघ आहे आणि ह्या बाजूला पाणी आलंच नाही, असं तुम्ही मला तीनदा सांगितलंत.

नोंदवलेली पूररेषा जलसंपदा खात्याच्या नकाशावर असते, निळी आणि लाल. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. पण भाड्याचं घर शोधणारं कुणी नकाशा घेऊन फिरत नाही. त्याच्यासाठी भिंतीवरची रेघ हाच नकाशा असतो. गॅसचा सिलिंडर कुठे ठेवायचा, कागदपत्रांची पेटी किती उंचावर टांगायची, आणि धो धो पावसात रात्री दोनला झोपायचं की जागं राहायचं, हे त्या रेघेवरून ठरतं. माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत. त्यांना जिन्याने वर न्यायला दोन माणसं लागतात. त्यांची खाट आम्ही त्याच खोलीत घातली होती, जिथे पाणी त्यांच्या डोक्यावरून गेलं असतं. हे लिहितानाही माझा हात थरथरतो आहे.

मी जाब विचारला तेव्हा तुम्ही म्हणालात, "सगळेच असं करतात, खालचं घर नाहीतर जाणार कसं?" जाईल. मी तुम्हाला सांगते कसं जाईल. खरं सांगा आणि भाडं कमी करा. माळा पक्का करून द्या, बोर्ड वरच्या पातळीला घ्या, पावसाळ्यात गच्चीची किल्ली भाडेकरूकडे द्या. एवढं करणारे मालक ह्याच गावात आहेत. आम्हाला दाखवलेल्या एका घरातल्या बाईंनी दारातच सांगितलं होतं, "आमच्याकडे पाणी येतं, लहान मूल असेल तर घेऊ नका." ते घर आम्ही घेतलं नाही, पण त्या बाईंना मी अजून रस्त्यात थांबून हाक मारते.

कायद्याचंही सांगते, कारण तुम्ही मला बाहेरची समजून गप्प बसवायला बघितलंत. आपला करार लिव्ह अँड लायसन्सचा आहे. 1882 सालच्या इंडियन ईझमेंट्स ॲक्टचं कलम 57 असं आहे, की वापरायला दिलेल्या जागेत माणसाला किंवा सामानाला धोका होईल असा दोष असेल आणि तो देणाऱ्याला माहीत असून घेणाऱ्याला माहीत नसेल, तर तो सांगणं देणाऱ्यावर बंधनकारक आहे. आणि "नोंदणी नंतर करू" म्हणत तुम्ही जो करार तसाच ठेवलात, त्याची नोंदणी करणं महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 प्रमाणे मालकाची जबाबदारी आहे. ती न केल्यास दंड आणि कैदेचीही तरतूद आहे. हे दोन्ही मी वकिलांकडून समजून घेतलेलं आहे.

आम्हाला दुसरं घर मिळालंय. वरच्या मजल्यावर, दोन खोल्या कमी, भाडं जास्त. रविवारी सामान हलवतो आहोत. डिपॉझिट पूर्ण परत हवं, आणि तुम्ही ते पंधरा दिवसांत दिलं नाहीत तर पाठवायला वकिलांची नोटीस तयार आहे.

किल्ली आजींकडे ठेवते. घर बघायला याल तेव्हा स्वयंपाकघरात आणि सासूबाईंच्या खोलीत तुम्हाला एक आडवी रेघ दिसेल. आजींच्या भिंतीवरून लेव्हलची नळी लावून, वायरमनच्या मदतीने मी ती ओढली आहे, आणि शेजारी 22.7.2021 असं लिहिलंय. तुमचा प्लॅस्टिक पेंट खरवडून, खालच्या सिमेंटपर्यंत छिन्नीने कोरलेली आहे. त्याचा खर्च डिपॉझिटमधून कापायचा असेल तर कापा. त्याची पावती मात्र द्या, आणि पावतीवर कशाबद्दल कापले ते स्वच्छ अक्षरात लिहा.

तुमच्या घरात अडीच महिने राहिलेली,
एक भाडेकरू