डावीकडच्या सीटवरचे नाना

प्रत्येक घरात एक माणूस असा असतो, ज्याला रस्ते पाठ असतात. गाडी कुणाचीही असो, पेट्रोल कुणीही भरलेलं असो, ड्रायव्हरच्या डावीकडची सीट त्याची. आमच्याकडे हे पद नानांकडे आहे. नाना माझ्या बायकोचे काका. त्यांना गाडी चालवता येत नाही, पण त्यावाचून त्यांचं काही अडलेलं नाही. सगळा जन्म एस.टी.च्या खिडकीपाशी बसून त्यांनी महाराष्ट्राचे रस्ते तपासलेत. रस्ता बरोबर असेपर्यंत मी 'जावईबापू' असतो. चुकला की 'काय हो ड्रायव्हर?'

नाना पुण्याच्या सदाशिव पेठेतले, त्यामुळे त्यांचा नकाशा दिशांवर चालत नाही, देवांवर चालतो. पत्र्या मारुती, खुन्या मुरलीधर, चिमण्या गणपती, सोट्या म्हसोबा. उत्तर-दक्षिण विचारलीत तर ते तुमच्याकडे परगावच्या माणसाकडे बघावं तसे बघतात. गावाबाहेर देव विरळ होतात, तिथं नाहीशा झालेल्या गोष्टी कामाला येतात. "पूर्वी जकात नाका होता ना, तिथून डावीकडे." नाका कधीच उठला, नाना अजून तिथून डावीकडे वळतात.

अशा माणसाच्या समोर, डॅशबोर्डच्या मधोमध, माझ्या नव्या गाडीनं एक बोलका नकाशा आणून बसवला. निघालो होतो दिवेआगरला, थंडीचे दिवस, मागे नानी आणि माझी बायको. मी पडद्यावर गावाचं नाव घातलं. गाडीतून एका बाईनं इंग्रजीत सांगितलं, दोनशे मीटरवर डावीकडे वळा.

"ही कोण?"

"नकाशा आहे, नाना. उपग्रहावरून चालतो."

"म्हणजे वरून आपल्याला बघतायत?" नानांनी नकळत शर्टाचं वरचं बटण लावलं.

बघत वगैरे कुणी नाही, हे मी समजावलं. उपग्रह वीस हजार किलोमीटर उंचीवर. आपण जगात आहोत हेसुद्धा त्यांना ठाऊक नसतं. ते फक्त स्वतः कुठे आहेत आणि किती वाजले एवढं सतत सांगत फिरतात. तो निरोप खाली पोचायला किती वेळ लागला, यावरून गाडीतलं यंत्र अंतर काढतं. निदान चार उपग्रहांचं ऐकलं की आपली जागा ठरते. वरची अणुघड्याळं आपल्यापेक्षा रोज सुमारे 38 मायक्रोसेकंद पुढे धावतात, म्हणून आइनस्टाइनच्या हिशेबानं त्यांना आधीच आवरून ठेवलेलं असतं.

"म्हणजे घड्याळच की!" नाना म्हणाले. त्यांचं एचएमटी कायम पाच मिनिटं पुढे असतं, आणि त्यासाठी त्यांनी आइनस्टाइनला विचारलेलं नाही.

हा सगळा खटाटोप मुळात अमेरिकेच्या लष्कराचा, आणि 2000 सालच्या मेपर्यंत सामान्य लोकांसाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असत, शंभरेक मीटरची, हेही मी सांगून टाकलं. सांगायला नको होतं असं नंतर बायकोचं मत पडलं. नानांना हवं ते मिळालं होतं. "शंभर मीटर? आमच्या पेठेत शंभर मीटरमध्ये दोन देव मागे पडतात!" चूक मिसळणं केव्हाच बंद झालंय, हा माझ्या वाक्याचा उत्तरार्ध त्यांनी ऐकला नाही. असे लोक वाक्याचा पूर्वार्धच ऐकतात.

चांदणी चौकात त्यांचा विजय झाला. तिथला जुना पूल 2022 साली स्फोटकांनी पाडला आणि पुढच्या वर्षी नवे पूल, उतार, वळसे असा पसारा उभा राहिला. एकावर एक रस्ते आले की उपग्रहाच्या गणिताची पंचाईत होते. आडवी जागा बऱ्यापैकी कळते, उंचीचा अंदाज त्याहून कच्चा. आम्ही पुलावर होतो आणि बाई पुलाखालच्या रस्त्यावर उजवीकडे वळायला सांगत होती.

"बाई, आधी आपण पुलावर आहोत की पुलाखाली ते ठरव," नाना तिला मराठीत म्हणाले. ती शांतपणे नवा रस्ता शोधू लागली. त्यांना तिच्यातलं हेच सोसेना. नाना चिडले, तरी ती चिडली नाही. नानांनी हट्टानं भलतीकडे वळायला लावलं, तरी तिनं "मी सांगत होते" म्हटलं नाही. पिरंगुट हा शब्द तिनं इंग्रजी औषधासारखा उच्चारला, तेव्हा ते मनापासून हसले. बाकी ताम्हिणी घाट संपेपर्यंत दोघांचं बरं नव्हतं. घाटात फोनची रेंज गेली तरी ती बोलतच राहिली. उपग्रहाचं ऐकायला रेंज लागत नाही, आणि नकाशा गाडीतच भरलेला.

"इतकी वर्षं रस्ते मीही सांगत होते," मागून नानी म्हणाल्या. "पण माझा आवाज आभाळातून येत नव्हता ना."

परतीच्या दिवशी मात्र माणगावला पारडं फिरलं. सुट्टीचा शेवटचा दिवस, गोवा महामार्गावर गाड्यांची रांग. पडद्यावर रस्ता लालभडक. बाईनं आम्हाला आधीच एका खेड्यातून काढलं. नानांनी त्या रस्त्याला "हा बैलगाडीचा" म्हणून पाहिलं, पण त्याच रस्त्यानं आम्ही रांगेच्या पुढे निघालो. हा लाल रंग कळतो कसा, असं त्यांनी प्रथमच नरम आवाजात विचारलं. मी म्हटलं, अडकलेल्या लोकांच्या खिशातले फोनच आपला वेग कळवत असतात, त्यावरून.

"म्हणजे आपणच अडकायचं आणि आपणच लाल व्हायचं?" नाना बराच वेळ गप्प होते.

पण खरे विरघळले ते घरी पोचल्यावर. बाईनं एक वाजून दहा मिनिटं सांगितली होती, आणि गाडी दारात लागली तेव्हा एक वाजून दहाच मिनिटं झाली होती. (एचएमटीत सव्वा.) सबंध आयुष्यात नानांचा अंदाज एकच, "अर्ध्या तासात", मग खोपोली असो की कोल्हापूर.

आपल्याला वाटतं, असा माणूस हरला की मागच्या सीटवर जाईल. तसं होत नाही; नवा भक्त जुन्याहून कट्टर निघतो, आणि त्याला दाखला म्हणून यापुढे नानांचं नाव घ्यावं. त्यांनी भाच्याकडून स्मार्टफोन घेववला. आता त्यांना गाडीत बसावंच लागत नाही. घरातलं कुणी प्रवासाला निघालं की लाइव्ह लोकेशन पाठवायचा हुकूम सुटतो, आणि नाना सदाशिव पेठेतल्या आरामखुर्चीतून सगळ्यांच्या गाड्या चालवतात. "खंडाळ्याला बावीस मिनिटं काय करत होतात? चिक्की?" "तो पंप सोड, पुढचा घे." परवा माझा मेहुणा साताऱ्याजवळ लघवीला उतरला, तर फोन आला, "ठिपका रस्त्याच्या बाहेर का गेलाय?"

आणि नवं सांगायचं तर, नाना त्या बाईची बाजू घेतात. माझ्याशी बोलताना तिला 'आपली बाई' म्हणतात. जुन्या वाटेनं गेलं तर तिच्याकडे तक्रार जाते.

तुमच्याकडेही असे नाना असतील. त्यांना फोन घेऊन द्या, नकाशा शिकवा, हवं तर डावीकडची सीटही द्या. फक्त लाइव्ह लोकेशन पाठवताना पंधरा मिनिटांचं पाठवा. आठ तासांचा पर्यायही तिथंच खाली असतो. त्याला चुकूनही बोट लावू नका.