भाऊंचा विचार चालू आहे

भाऊ आज कोणत्या पक्षात आहेत, हे कुणीही सांगेल. दिवाळीत कोणत्या पक्षात असतील, हे मात्र भाऊंनाही माहीत नसतं, आणि ते माहीत नसण्यावरच त्यांचं बरंचसं राजकारण उभं आहे.

हे भाऊ म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. एक साखर कारखाना, एक दूध संघ, एक शिक्षण संस्था आणि जिल्हा बँकेतलं एक संचालकपद जिथे एकाच घरात नांदतं, तिथे एक भाऊ असतातच. कुठे त्यांना अण्णा म्हणतात, कुठे तात्या, कुठे नुसतंच साहेब. वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि वर बदामी जाकीट. भगवा, हिरवा, निळा, लाल या सगळ्या रंगांवर कुणी ना कुणी हक्क सांगून बसलेलं आहे. बदामी रंगाचा पक्ष अजून निघालेला नाही.

भाऊ स्वभावाने मवाळ. भर सभेत ते विरोधकाचं नाव घेत नाहीत, 'काही मंडळी' म्हणतात. 'काही मंडळींनी जिल्ह्याचं वाटोळं केलं' असं म्हटलं, की टाळ्या मिळतात आणि कुणाला राग येत नाही. पुढेमागे त्याच मंडळींच्या मांडीला मांडी लावून बसायची वेळ आली, तर जुनं भाषण आडवं येत नाही. जहाल नेत्याने पक्ष बदलला, की संध्याकाळच्या आत त्याच्या जुन्या क्लिपा गावभर फिरतात. भाऊंच्या क्लिपा काढून काढणार काय? 'सर्वसमावेशक विकास', 'शेवटच्या घटकापर्यंत', 'बळीराजा सुखी झाला पाहिजे'. हे भाषण कोणत्याही मांडवात खपतं. सुरुवातीला 'आदरणीय'च्या पुढचं नाव तेवढं बदलायचं.

बैठकीच्या खोलीत शिवाजी महाराज, फुले, शाहू, आंबेडकर आणि यशवंतराव चव्हाण यांच्या तसबिरी कायमच्या. त्यांच्या खालच्या रांगेत हयात नेते. त्या रांगेत फोटोंपेक्षा खिळे जास्त आहेत. पक्षश्रेष्ठींचा दौरा कळला, की आदल्या रात्री पोऱ्या शिडी घेऊन येतो. मागे एकदा दारावरची पाटी रंगवायला काढली, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "अहो, पक्षाचं नाव कशाला घालताय? नुसतं 'माजी राज्यमंत्री' लिहा. ते कुठंही चालतं." तेव्हापासून पाटीला पुन्हा रंग लागलेला नाही.

वर्षातून एकदोनदा बातमी येते : 'भाऊ नाराज'. दुपारी वाहिन्यांवर पट्टी फिरते : 'भाऊ नॉट रिचेबल'. त्या वेळी भाऊ पाहुण्याच्या लग्नात मसालेभात खात असतात, पण फोन बंद ठेवतात. दुसऱ्या दिवशी भलत्याच पक्षाच्या नेत्याला पुष्पगुच्छ देतानाचा फोटो बाहेर येतो. पत्रकार विचारतात, "भाऊ, काय ठरलं?" भाऊ म्हणतात, "सदिच्छा भेट होती. मतदारसंघातल्या पाण्याचा प्रश्न होता. माझ्या मनात तसा काही विचार नाही. पण राजकारणात काहीही होऊ शकतं." यातल्या पहिल्या तीन वाक्यांकडे कुणी लक्ष देत नाही. चौथं वाक्य मुंबईत पोचायचं तिथे पोचतं, आणि आठवड्याभरात रखडलेल्या उपसा सिंचन योजनेची फाइल हलते.

मग कार्यकर्त्यांचा मेळावा होतो. 'भाऊ म्हणतील ते धोरण आणि बांधतील ते तोरण' असा ठराव टाळ्यांच्या गजरात होतो. भाऊ भावुक होतात आणि निर्णय पुढच्या मेळाव्यावर ढकलतात. एक तरणा पोरगा मागून ओरडतो, "भाऊ, एकदाचं काय ते सांगून टाका की!" त्याला गप्प बसवलं जातं. त्याला अजून राजकारण कळायचं आहे. लग्नाच्या मुलाला कांदेपोहे मिळतात ते बोलणी चालू असेपर्यंत. अक्षता पडल्या, की त्यालाच बाजारातून कांदे आणायला पाठवतात. 'भाऊ जाणार' याला जो भाव आहे, तो 'भाऊ गेले' याला नाही. नव्या घरात आधी गेलेले दहा भाऊ रांगेत बसलेले असतात आणि खुर्च्या मोजक्या असतात. 2003 च्या घटनादुरुस्तीने मंत्र्यांची संख्या सभागृहाच्या 15 टक्क्यांवर आणून ठेवली, म्हणजे 288 आमदारांच्या महाराष्ट्रात फार तर 43. हा आकडा भाऊंना झोपेतही पाठ असतो.

हिशेबाचा दुसरा आकडा त्याहून महत्त्वाचा. 1967 साली हरियाणाच्या गयालाल नावाच्या आमदारांनी पंधरवड्यात तीनदा पक्ष बदलला आणि देशाला 'आयाराम गयाराम' मिळाले. 1985 मध्ये पक्षांतरबंदीचा कायदा झाला, पण एक तृतीयांश आमदार एकदम फुटले तर ती 'फूट' धरली जाई आणि सगळे सुखरूप राहत. 2003 मध्ये ती खिडकी बंद झाली. आता विलीनीकरणासाठी दोन तृतीयांश लागतात. म्हणजे 54 आमदारांच्या पक्षात 35 जण निघाले तर गद्दार, 36 वा आला की विचारांचे वारसदार. भाऊंना नेहमी 36 वा व्हायचं असतं. बंडाला लागणारी छाती त्यांच्याकडे नाही, आणि बंड यशस्वी झाल्यावर मागे राहण्याइतका वैराग्यभावही नाही.

त्यामुळे जून 2022 मध्ये शिवसेनेच्या बंडखोर आमदारांची सुरत, गुवाहाटी, गोवा अशी जी प्रसिद्ध सहल निघाली, तिच्यात भाऊ नव्हते. ते घरी बसून दोन्ही बाजूंना फोन करत होते, दोन्हीकडे 'काळजी घ्या' म्हणत होते. पुढे अपात्रतेचा निकाल यायला जानेवारी 2024 उजाडला आणि विधानसभा अध्यक्षांनी दोन्ही गटांतल्या एकालाही अपात्र ठरवलं नाही. भाऊंनी 'कायद्याचं राज्य आहे' अशी प्रतिक्रिया दिली. ती कुणाच्या बाजूची होती, हे कुणालाच कळलं नाही.

सुरत आणि मवाळ मंडळी यांचं नातं तसं जुनं. डिसेंबर 1907 मध्ये याच सुरतेत काँग्रेसचं अधिवेशन मोडलं, जहाल आणि मवाळ वेगळे झाले, मांडवात जोडाही भिरकावला गेला. पुढे 1918 मध्ये मवाळ मंडळी काँग्रेसमधून बाहेर पडली ती माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणा स्वीकाराव्यात की नाही, या वादावर. घटनात्मक सुधारणांच्या आराखड्यावरून माणसं पक्ष सोडत होती, हे भाऊंना सांगितलं तर ते विचारतील, "मग त्यांच्या कारखान्याचं काय झालं?"

आणि प्रश्न चुकीचा नाही. भाऊंच्या मवाळपणाचं मूळ त्या कारखान्यातच आहे. ऊस कारखान्याला घातल्यापासून चौदा दिवसांत शेतकऱ्याला एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान दर, द्यायचा, कामगारांचे थकलेले पगार द्यायचे, पुढच्या हंगामाला कर्ज काढायचं. कर्जाला सरकारची थकहमी लागते, थकहमीला मंत्रिमंडळाची मान्यता लागते आणि मंत्रिमंडळाला भाऊंची भूमिका 'स्पष्ट' झालेली लागते. शिवाय अधूनमधून जिल्हा बँकेच्या जुन्या कर्जवाटपाबद्दल चौकशीची नोटीस येते. एका माजी मंत्र्यांनी पक्ष बदलल्यावर, 'चौकशी नाही, झोप शांत लागते' अशा अर्थाचं जाहीर भाषणात सांगून टाकलं होतं. ते गमतीत बोलले असतील, पण भाऊंनी ते वैद्यकीय सल्ला म्हणून लिहून घेतलं.

शेजारच्या गोव्याचं भाऊंना फार कौतुक. 2022 च्या निवडणुकीआधी तिथे काँग्रेसच्या उमेदवारांनी पणजीचं महालक्ष्मी मंदिर, बांबोळीचा क्रूस आणि बेतीचा दर्गा, अशा तीन ठिकाणी पक्ष न सोडण्याची शपथ घेतली. सप्टेंबरात 11 पैकी 8 आमदार भाजपमध्ये गेले. त्यांतल्या एका माजी मुख्यमंत्र्यांनी खुलासा केला, की आपण पुन्हा देवळात गेलो, देवाला विचारलं आणि देवाने 'तुला योग्य वाटेल ते कर' म्हणून सांगितलं. भाऊ ऐकून गहिवरले. आपला देव इतका समजूतदार आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

मग भाऊ जाणार का? जाणार. जाण्यात धोका उरणार नाही त्या दिवशी जातील, सगळ्यांत शेवटी जातील आणि 'जड अंतःकरणाने' जातील. उपरणं गळ्यात पडेल, तेव्हा सवयीने जुन्या पक्षाचं नाव तोंडात येईल. फेब्रुवारी 2024 मध्ये एका बड्या नेत्याच्या प्रवेशाच्या वेळी असं झालंही. नव्या पक्षाच्या मुंबई अध्यक्षांना त्यांनी जुन्या पक्षाचे अध्यक्ष करून टाकलं. सगळे हसले, तेही हसले.

मवाळ माणूस असाच असतो, असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. सांगोल्याचे गणपतराव देशमुख बोलायला मृदू, प्रवासाला एसटी. शेतकरी कामगार पक्षाकडून ते अकरा वेळा निवडून आले, आणि पक्ष त्यांच्या डोळ्यांदेखत लहान होत गेला तरी त्यांनी तो सोडला नाही. 2019 मध्ये त्याच सांगोल्याने शिवसेनेचा आमदार दिला, जो पुढे गुवाहाटीची झाडी आणि डोंगार पाहून आला. 2024 मध्ये त्याच सांगोल्याने गणपतरावांच्या नातवाला शेकापकडूनच निवडून दिलं. 2019 मध्ये सातारच्या मतदारांनीही पक्ष बदलून आलेल्या खासदाराला लोकसभेच्या पोटनिवडणुकीत पाडलं होतं. तेव्हा भाऊ जाणार की राहणार, हे त्यांना विचारत बसू नका. त्यांचा विचार चालू आहे आणि चालूच राहील. पुढच्या निवडणुकीत ते हात जोडून दारात आले, की चहा द्या, चिन्ह कोणतं ते विचारा आणि तुमचाही विचार चालू आहे म्हणून सांगा.