नाना आणि तिसरी डिस्क

घरातलं माणूस आजारी पडलं तर नाना “डॉक्टरकडे जाऊन या” म्हणतात आणि पेपर वाचत राहतात. डिस्क आजारी पडली की मात्र पेपरची घडीसुद्धा मोडत नाही.

असे एक नाना हल्ली बहुतेक सोसायट्यांत असतात. आमचे कोथरूडचे. उभं आयुष्य कारखान्यात क्वालिटी कंट्रोलमध्ये गेलेलं, मुलगा सिॲटलला, आणि त्याने मागच्या सुट्टीत घेऊन दिलेला चार कप्प्यांचा नॅस, म्हणजे घरभराच्या फायली साठवायचं यंत्र, टीव्हीशेजारी. काकू त्याला ‘डबा’ म्हणतात. चार कप्प्यांत चार डिस्क, आणि त्यांवर सगळं असं वाटून ठेवलेलं की एक गेली तरी उरलेल्या तिघींवरून तिच्यातलं पुन्हा लिहून काढता येतं. हे रेड प्रकरण १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांनी मांडलं, हे नानांनी इस्त्रीवाल्यालाही सांगून झालंय. एका महागड्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या पुष्कळ डिस्क एकत्र बांधायच्या, अशी मूळ कल्पना. काकूंनी चारही बिलं पाहिली आहेत. त्या यावर नुसतं “हं” म्हणतात.

तर एका रात्री डबा बीप बीप करू लागला. बीप बंद करायची सोय असते. नाना ती वापरत नाहीत. “तिला बोलू दे की!” खालच्या मजल्यावरचे लोक उठून आपापले इन्व्हर्टर तपासून आले.

सकाळी वही निघाली. डिस्क स्वतःच्या तब्येतीची नोंद स्वतःच ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. त्यातले तीन आकडे नाना रोज उतरवून घेतात. ५ म्हणजे बाद करून ज्यांचं काम राखीव जागेकडे दिलं ते सेक्टर. १९७ म्हणजे जे धड वाचता येत नाहीत, पण अजून बादही झालेले नाहीत. १९९ वाढला तर बहुधा डिस्क निर्दोष, जोडणीत घोळ. तिसऱ्या डिस्कचा १९७ आठवर होता. दुसऱ्या दिवशी सोळा. “आठाच्या पटीतच वाढणार,” नाना समाधानाने म्हणाले. “आतला खरा सेक्टर चार हजार शहाण्णव बाइटचा, हिशोब मात्र पाचशे बाराने चालतो.” आपली डिस्क नियमाप्रमाणे मरते आहे, यातला आनंद क्वालिटी कंट्रोलवाल्यालाच कळावा.

मुलगा व्हिडिओ कॉलवर म्हणाला, “बाबा, नवी आणा, टाका, विषय संपवा.”

विषय संपवा! नानांना हे फार लागलं. आधी निदान नको? डिस्क दुसऱ्या कप्प्यात घालून पाहायची. दोष तिच्याबरोबर गेला तर डिस्क वाईट, जागीच राहिला तर डबा. त्यासाठी डबा बंद करावा लागतो, म्हणून गुरुवारचा मुहूर्त धरला. त्या दिवशी आमच्याकडे नाहीतरी वीज जातेच. दोष डिस्कबरोबर गेला. मग नानांनी खात्रीसाठी अर्धा दिवस चालणारी मोठी चाचणी लावली. मध्येच काकूंनी त्यांच्या आईचा एक फोटो मागितला.

“आत्ता? तिच्यावर ताण नको!”

काकूंनी कपाटातून अल्बम काढला. त्या डब्यातले फोटो इतके सुरक्षित आहेत की ते कुणालाच बघता येत नाहीत. शिवाय रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे नानांचं ब्रीद, म्हणून एक प्रत काकूंच्या साड्यांमागे आणि एक नाशिकला मेहुण्याकडे असते. म्हणजे अख्खा डबा बसला असता तरी एकाही मुंजीचा केस वाकडा होणार नव्हता. पण हे नानांना सांगणार कोण?

नानांच्या काळजीला आधारही आहे. गूगलने २००७ साली आपल्या लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास छापला. त्यात तपासणीत पहिली चूक सापडल्यावर पुढच्या साठ दिवसांत डिस्क जाण्याचा धोका ३९ पट निघाला. त्याच अभ्यासात असंही आहे की गेलेल्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त डिस्कनी आधी काहीच कळू दिलं नव्हतं. आकडे वाढले की नाना पहिलं वाक्य सांगतात, आकडे स्थिर असले की दुसरं. काळजीला खाडा नाही.

शेवटी १९७ चाळीसवर गेला आणि नवी डिस्क आली. जुनी काढताना चुकून शेजारची धडधाकट डिस्क निघाली तर सगळंच बसतं, म्हणून नानांनी प्रत्येक कप्प्यावर सीरियल नंबरचे शेवटचे चार आकडे चिकटवले होते. त्या चिठ्ठ्या काकूंनी डबा पुसताना कचरा समजून काढल्या. यावरून जे संभाषण झालं ते आम्हाला जिन्यात ऐकू आलं. इथे देत नाही.

पुनर्लेखन रात्रभर चाललं. नाना टॉर्च घेऊन शेजारी. पहाटे चारही दिवे हिरवे, बीप बंद, वहीत शून्य, शून्य, शून्य. नानांचा चेहरा उतरला. चहा अर्धा टाकू लागले. भाजीला सांगितल्यावर लगेच जाऊ लागले, तेव्हा काकू हादरल्या.

मग एका संध्याकाळी ते माझ्याकडे आले.

“तुझ्या लॅपटॉपातली डिस्क किती वर्षांची?”

“नाना, एसएसडी आहे.”

“म्हणजे आत काहीच फिरत नाही?”

“नाही.”

“आवाज?”

“अजिबात नाही.”

“आणि जाताना?”

“कधी कधी न सांगताच जाते म्हणतात.”

नानांनी खुर्ची पुढे ओढली. “एखादी कोरी वही आहे का रे?”