फुकट लिहा, विकत वाचा

एका कारखान्याची कल्पना करा. ऊस शेतकऱ्याने फुकट घालायचा. काट्यावर शेजारच्या शेतकऱ्याने बसायचं, तेही फुकट. मग त्याच उसाची साखर दोघांनी चेअरमन सांगेल त्या भावाने घ्यायची. असा चेअरमन आपल्याकडे पुढच्या निवडणुकीत पडला असता. (नक्की पडला असता का, यावर मतभेद आहेत.) संशोधनाच्या नियतकालिकांचा धंदा मात्र असाच चालतो आणि त्याला प्रतिष्ठा म्हणतात.

प्रयोगाला पैसा बहुधा सरकारचा. पेपर लिहिणार प्राध्यापक, मानधन शून्य. तपासणार दुसरे प्राध्यापक, म्हणजे रेफरी. त्यांनाही बहुतेक ठिकाणी शून्य. ही गंमत प्रकाशक रॉबर्ट मॅक्सवेलने फार आधी ओळखली. एका नियतकालिकाचं काम दुसऱ्याने भागत नाही, ग्रंथालयाला दोन्ही घ्यावी लागतात. तेव्हा काढा तिसरं! १९५१ मध्ये हाती घेतलेली त्याची पर्गमॉन प्रेस १९९१ मध्ये एल्सेव्हियर या प्रकाशनसंस्थेने ४४ कोटी पौंडांना विकत घेतली. आज एल्सेव्हियरच्या शंभर रुपयांच्या विक्रीत पस्तिसाहून जास्त नफा असतो. साखर सम्राटांनी शिकवणी लावावी.

मग प्राध्यापक बंड का करत नाहीत? कारण प्रमोशन. निवड समितीला पेपर वाचायला सवड नसते, पण नियतकालिकाचं नाव आणि त्याचा इम्पॅक्ट फॅक्टर (त्यातल्या पेपरांचा इतर पेपरांत सरासरी किती वेळा उल्लेख होतो, तो आकडा) वाचायला चष्माही लागत नाही. मोठ्या नावाकडे पाठ फिरवणारा तत्त्वनिष्ठ तरुण तत्त्वनिष्ठच राहतो, आणि हंगामीही.

या महागड्या वाचनावर आपल्या सरकारने तोडगा काढला: 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन', म्हणजे सरकारी संस्थांची वर्गणी एकत्र भरायची योजना. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिकं. जिल्ह्याच्या सरकारी कॉलेजातल्या पोरांना ती वाचायला मिळतात, हे चांगलंच झालं. खासगी कॉलेजांनी मात्र पहिल्या टप्प्यात बाहेर उभं राहायचं.

आता वाचणाऱ्याकडून पैसे नकोत, पेपर सर्वांना खुला हवा, असं कुणी म्हणालंच, तर पावती लिहिणाऱ्याच्या नावाने फाटते. 'नेचर'ने २०२१ साठी हा दर ९,५०० युरो लावला होता. म्हणून या योजनेत लेखकांच्या छपाई-शुल्कासाठीही वर्षाला १५० कोटी वेगळे ठेवले आहेत.

रेफरीसाठी तरतूद नाही.