देणेकऱ्याचं येणं

ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत कारखान्यानं पैसे द्यावेत, असं १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश सांगतो. आदेशच तो, सांगणारच. पैसे येईपर्यंत शिरूर-दौंडचा शेतकरी ओव्हरड्राफ्टवर जगतो आणि बँक त्याच्यावर: एसएमएसचं शुल्क, परत गेलेल्या चेकचं शुल्क, वर शुल्कावर जीएसटी.

असा माणूस खिडकीशी जाऊन म्हणतो, "चुकून कापलेले चारशे परत द्या." साहेब चष्म्यावरून बघतात. "अहो, तुमच्याकडेच आमचे चाळीस हजार आहेत!" जणू देणेकऱ्यानं हिशेब विचारणं हीच उधळपट्टी. वास्तविक, किमान शिल्लक नाही म्हणून लावलेल्या दंडानं बचत खातं उणे होता कामा नये, हे रिझर्व्ह बँकेनं २०१४ सालीच बजावलंय. कर्जावरचा दंड मुदलात मिसळून त्यावर व्याज चढवू नका, हे २०२३ साली. बँकेनं तीस दिवसांत दाद दिली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट जाता येतं. बँकेच्या दुनियेत फुकट एवढंच उरलं असावं.

चारशे मंजूर झाले तरी हाती लागत नाहीत. थेट ओव्हरड्राफ्टमध्ये जमा. साहेबांच्या डाव्या खिशातून उजव्या खिशात.

"आणि त्या चारशेवर घेतलेलं व्याज?"

"त्याचा अर्ज वेगळा."