श्वान ओळख मार्गदर्शिका : नावडे व पंचक्रोशीसाठी

ज्यांच्या घरी कुत्रा आहे, ज्यांच्या घरी होता पण काल संध्याकाळपासून दिसत नाही, आणि ज्यांच्या पायपुसण्यावर आज सकाळी एक अनोळखी कुत्रा हक्काने येऊन झोपला आहे, अशा तिन्ही वर्गांसाठी ही मार्गदर्शिका आहे. चौथा वर्ग सोसायटीच्या कमिटीचा. त्यांना कुत्रा ओळखण्यात रस नसतो. लिफ्टमध्ये घाण कोणाच्या कुत्र्याने केली एवढंच त्यांना हवं असतं. त्यांनी सीसीटीव्ही पाहावा.

आधी हद्दीचा प्रश्न निकालात काढू. नावडे नवी मुंबईत आहे असं फ्लॅटच्या जाहिरातीत छापलेलं असतं आणि त्यात खोटं काही नाही. पोलीस आयुक्तालय नवी मुंबईचं, नोड सिडकोचा, तालुका पनवेल, जिल्हा रायगड. महापालिका मात्र पनवेलची, १ ऑक्टोबर २०१६ पासून. तेव्हा कुत्र्याच्या परवान्यासाठी रजा टाकून नवी मुंबई महापालिकेच्या बेलापूरमधल्या घुमटवाल्या इमारतीत जाऊ नये. तिथे फोटो चांगले निघतात, पण आपलं काम पनवेलला. जाताना रेबीजच्या लशीचा दाखला घ्यावा. कुत्र्याला न्यायची गरज नाही, ही या प्रक्रियेतली एकमेव सोय.

खुद्द कुत्र्याला या हद्दींचं काही पडलेलं नसतं. तो गावठाणातून निघतो, कॉलनीत चक्कर मारतो, ट्रेलर आणि टँकर चुकवत महामार्ग ओलांडतो आणि तळोजा एमआयडीसीत शिरतो. तिथून जो परत येतो तो तोच का, इथून आपला विषय सुरू होतो.

रंग

बहुतेक लोक कुत्रा रंगावरून ओळखतात. ‘तो चॉकलेटी’, ‘ती पांढरी’, ‘तो मटणाच्या दुकानासमोरचा लाल्या’. इतर गावांत हे चालत असेल. नावड्याच्या शेजाऱ्यांनी या पद्धतीवर विसंबू नये, कारण ऑगस्ट २०१७ मध्ये तळोजा औद्योगिक वसाहतीत कुत्रे निळे झाले होते. निळसर छटा वगैरे नव्हे, चांगले निळे. धुलाईच्या वेळी नीळ जास्त पडल्यावर बनियन होतं तसे. प्राणिमित्रांनी फोटो काढले, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे तक्रार गेली, मंडळाने एका रंग कारखान्याला टाळं लावायला लावलं, आणि आपल्या कुत्र्यांचे फोटो परदेशी वर्तमानपत्रांत छापून आले. वसाहतीचं सांडपाणी पोटात घेणाऱ्या कासाडी नदीचं नाव त्या आठवड्यात जेवढ्या लोकांनी घेतलं तेवढं त्याआधी कधी घेतलं नसेल. कुत्र्यांनी गुन्हा काहीच केला नव्हता. अन्न शोधत ते रंगाच्या भुकटीत आणि सांडपाण्यात फिरले, एवढंच. पाऊस चालू होता, त्यामुळे काहींचा रंग धुऊन निघाला. नदीला ती सोय नव्हती.

(आम्ही एकटे नाही. २०२१ मध्ये रशियातल्या झेर्झिन्स्क गावात, बंद पडलेल्या रासायनिक कारखान्याजवळ असेच निळे कुत्रे सापडले. गाव कोणतंही असो, कुत्र्याचा रंग सहसा कुत्रा ठरवत नाही.)

या प्रकरणाचं जुनं मार्गदर्शन पंचतंत्रात आहे. चंडरव नावाचा कोल्हा कुत्र्यांच्या भीतीने पळता पळता निळीच्या पिंपात पडतो, निळा होऊन बाहेर येतो आणि जंगलचा राजा होऊन बसतो. सिंह-वाघ त्याच्यापुढे वाकतात. मग एके दिवशी लांबून कोल्हेकुई ऐकू येते, महाराजांना राहवत नाही, तेही सुरात सूर मिसळतात आणि संपतात. पंचतंत्रकाराने यातून राजनीती काढली. श्वानपालकाने कामापुरतं घ्यावं : अंगाचा रंग बदलला तरी घशातला आवाज तोच असतो. तेव्हा आपल्या कुत्र्याचं भुंकणं फोनमध्ये ध्वनिमुद्रित करून ठेवावं. शेजाऱ्यांकडे ते बहुधा आधीच असेल, तक्रारीला पुरावा म्हणून. त्यांच्याकडून मागून घ्यावं.

निळा, हिरवा किंवा गुलाबी कुत्रा घरी आल्यास ओळखपरेड नंतर. आधी त्याला अंग चाटू देऊ नये, भरपूर पाण्याने आणि साध्या श्वान-शांपूने धुवावं, डॉक्टरांना फोन करावा. धुळवडीच्या दुसऱ्या दिवशीही हीच कृती. त्या दिवसाचा रंग कारखान्यातून आलेला नसतो, तो आपल्याच बिल्डिंगमधल्या बंटीने लावलेला असतो, आणि बंटीवर कोणतंही मंडळ कारवाई करत नाही.

नाव

ही पद्धत अतिशय लोकप्रिय आणि जवळजवळ निरुपयोगी आहे. गावठाणात उभं राहून ‘मोत्या’ अशी हाक मारली तर तीन येतात. कॉलनीत ‘ब्रुनो’ म्हटलं तर पाच गॅलऱ्यांतून उत्तर येतं. शेरू, टायगर, रॉकी यांचंही तेच. आणि हातात बिस्किटाचा पुडा असेल तर नाव घेण्याचीही गरज नाही.

शिवाय एका कुत्र्याला एकच नाव असतं हे गृहीत धरू नये. कॉलनीतले एक सद्गृहस्थ आपला हरवलेला ब्रुनो शोधत गावात पोचले. एका अंगणात ब्रुनो तुळशीच्या सावलीला पसरलेला. त्यांनी हाक मारली, त्याने शेपटी हलवली. तेवढ्यात आतून आजी आल्या.

“काय झालं रं?”

“आजी, हा माझा कुत्रा आहे. ब्रुनो.”

“यो? यो तं आमचा काल्या हाय! रोज दुपारचा येतंय.”

काल्यानेही तेवढ्याच प्रेमाने शेपटी हलवली. सकाळी पाकिटातले दाणे, दुपारी सुक्या बोंबलाचं डोकं, संध्याकाळी पुन्हा लिफ्टने चौथा मजला, असा त्याचा दिनक्रम होता. दोन्ही घरी त्याला शिस्तीचा समजत. मालकी ठरवण्यासाठी कुत्र्याला मध्ये उभं करून दोघांनी दोन बाजूंनी बोलवायची प्रथा आहे, ती इथेही पाळण्यात आली. कुत्रा टपरीवाल्याकडे गेला.

वर्णन

‘हरवला आहे’चा संदेश लिहिताना लोकांची लेखणी स्थळं शोधणाऱ्या पालकांसारखी चालते. ‘रंग तपकिरी, दिसायला गोंडस, स्वभाव मनमिळाऊ, मुलांची आवड.’ या वर्णनाचे निम्मे कुत्रे नावडे रोड स्टेशनच्या बाहेर झोपलेले आहेत. स्वभाव लिहू नये. शोधणाऱ्याला कुत्र्याशी लग्न करायचं नसतं.

ऋग्वेदाने या बाबतीत आपल्यापेक्षा बरं काम केलं आहे. यमाचे दोन कुत्रे कसे? देवांची कुत्री सरमा हिची पिल्लं, चार डोळ्यांची, अंगावर ठिपके असलेली. तीन खुणांत काम झालं. चार डोळे म्हणजे भुवयांच्या जागी दोन ठिपके असावेत, असं अर्थ लावणारे सांगतात. असे ठिपके असलेला कुत्रा पारशी अंत्यविधीतही मानाचा असतो. तेव्हा वर्णन करावं ते असं : डावा कान मोडलेला, शेपटी उजवीकडे वळते, मागच्या एका पंजाची दोनच बोटं पांढरी, जिभेवर काळा डाग. फोटो पूर्ण उभ्या कुत्र्याचा, दोन्ही बाजूंनी, आणि या वर्षीचा द्यावा. लसीच्या पुस्तकावर चिकटवलेला फोटो दोन महिन्यांच्या पिल्लाचा असतो. त्यावरून आजचा अठ्ठावीस किलोचा लॅब्रा ओळखणारा माणूस अजून जन्मायचा आहे.

पट्टा आणि बिल्ला

पट्ट्याचं महत्त्व ज्यांना पटत नाही त्यांनी मुंबईचा १८३२ चा जून महिना वाचावा. कंपनी सरकारने भटके कुत्रे मारायला शिपाई सोडले होते. कुत्र्यामागे आठ आणे बक्षीस. भटका कोणता आणि पाळलेला कोणता हे ठरवायचं काम ज्याला आठ आणे मिळणार त्याच्याकडेच, त्यामुळे निकाल काय लागायचा ते उघड होतं. घरचे कुत्रेही मारले जाऊ लागले. ६ जूनला पारशी मंडळी रस्त्यावर उतरली, दुकानं बंद झाली, गोऱ्या शिपायांची रसद अडली. इतिहासात याला मुंबईची कुत्र्यांची दंगल म्हणतात.

आज आठ आणे कोणी देत नाही, पण पाळीव आणि भटका यातला फरक अजून एका नजरेत ठरतो. गळा मोकळा असलेला कुत्रा पालिकेच्या गाडीत चढू शकतो. तेव्हा पट्टा घालावा : आत दोन बोटं सहज जातील इतका सैल, डोकं निघणार नाही इतका घट्ट, आणि महामार्गालगत राहणाऱ्यांनी दिव्याच्या उजेडात चमकणारा. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेला काळा दोरा पट्टा नव्हे. तो दृष्टीपुरताच आहे.

बिल्ल्यावर काय कोरावं? हौशी पालक ‘प्रिन्स’ असं नक्षीदार अक्षरांत कोरून घेतात. प्रिन्सला आपलं नाव माहीत आहे. ज्याला तो सापडतो त्याला ते समजून काहीच उपयोग नाही, चोराला मात्र आहे. कोरायचा तो फोन नंबर. जमल्यास दोन, कारण दिवाळीच्या रात्री फटाक्यांनी कुत्रा सैरावैरा पळालेला असताना पहिला नंबर नेमका चार्जिंगला असतो.

कानाची खाच

कानाच्या टोकाला व्यवस्थित कापलेली खाच दिसली तर त्या कुत्र्याची नसबंदी झाली आहे असं समजावं. प्राणी जन्मनियंत्रणाच्या २०२३ च्या नियमांतली ही खूण आहे. अशा कुत्र्याला पकडलं तरी जिथून उचलला तिथेच परत सोडायचं, हा त्या नियमांचा पाया. २०२५ च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयात दिल्लीच्या कुत्र्यांवरून बराच खल झाला, तेव्हा २२ तारखेच्या आदेशात रेबीजग्रस्त आणि आक्रमक कुत्रे सोडून बाकीच्यांबाबत तोच मार्ग पुन्हा मान्य झाला. खाच कुत्र्याची ऑपरेशन-स्थिती सांगते, मालक सांगत नाही. तरीही कोणी ‘बिचाऱ्याचा कान कोणी कापला’ म्हणून हळद लावायला धावतं. खाच जुनी असेल तर हळद घरी ठेवावी.

नाकाचा ठसा : प्रत्येक कुत्र्याच्या नाकावरच्या रेषा वेगळ्या असतात हे खरं. कॅनडाच्या केनेल क्लबने १९३८ पासून हे ठसे ओळख म्हणून मानले. प्रयोग करून पाहणाऱ्यांनी शाई खाण्यायोग्य वापरावी.

चिप

आता खरं औषध. मायक्रोचिप तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि सुईने दोन खांद्यांच्या मधे, कातडीखाली बसवतात. तिला बॅटरी नसते. स्कॅनर अगदी जवळ नेला की ती आपला १५ अंकी क्रमांक सांगते आणि पुन्हा गप्प बसते. आमच्याकडे लोकांचा ठाम समज असा की चिप बसवली की कुत्रा मोबाईलच्या नकाशावर निळा ठिपका होऊन फिरताना दिसेल. दिसत नाही. निळा कुत्रा पाहायचा असेल तर वर रंगाचं प्रकरण पाहावं. जागा सांगणारं जीपीएस यंत्र वेगळं, पट्ट्याला लावायचं, आणि ते रोज चार्ज करावं लागतं. आपला फोनही आपण वेळेवर चार्ज करत नाही.

चिपमध्ये तुमचं नाव, पत्ता, नंबर यांपैकी काही नसतं. असतो फक्त क्रमांक. तो कोणत्या यादीत, कोणाच्या नावे नोंदवला आहे यावर सगळं अवलंबून. डॉक्टरांनी चिप बसवल्यावर ‘झालं’ म्हणून घरी येऊ नये. नोंद कुठे केली ते विचारावं, क्रमांकाचं स्टिकर लसीच्या पुस्तकात चिकटवून घ्यावं, आणि घर किंवा सिम बदललं की नोंद बदलावी. चेन्नईच्या केनेल क्लब ऑफ इंडियाकडे कागदपत्रं करायची असतील तर चिप लागतेच.

ज्यांची मुलं जर्मनीला नोकरीला गेली आहेत आणि आता कुत्र्यालाही बोलावत आहेत त्यांनी क्रम पाठ करावा : आधी चिप, मग रेबीजची लस. उलट केलं तर युरोपियन युनियन ती लस धरत नाही. लशीनंतर किमान तीस दिवसांनी रक्ततपासणी, त्यानंतर तीन महिने थांबायचं. माणसाचा व्हिसा याहून लवकर होतो.

क्यूआर कोडचा बिल्ला हा मधला मार्ग. जुलै २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या वीस भटक्या कुत्र्यांना असे बिल्ले घालण्यात आले. फोनने कोड वाचला की लसीकरणाची माहिती समोर. वर्तमानपत्रांनी लगेच त्याला ‘कुत्र्यांचं आधार कार्ड’ म्हटलं. त्यातला फोटो आपल्या कार्डावरच्या फोटोपेक्षा चांगला येतो, हे सांगायला नको.

निर्णय

बिल्ला आणि चिप, दोन्ही. बिल्ला चहावाल्यासाठी, चिप डॉक्टरांसाठी. रंग, नाव आणि स्वभाव गप्पांसाठी ठेवावेत. या सगळ्या खटाटोपात कुत्र्याची ओळख पटवायचीच नसते, तो कोण आहे ते त्याला नीट माहीत असतं. शोधायचा असतो तो मालक. कॉलनीत ‘ब्रुनोचे पप्पा’ म्हणून सगळे ज्यांना ओळखतात, त्यांचं खरं नाव आणि नंबर वॉचमनकडेही नसतो.

म्हणून आत्ताच उठा, कुत्र्याच्या गळ्यातला बिल्ला हातात घ्या आणि त्यावरचा नंबर घरातल्या दुसऱ्या फोनवरून लावा. तुमचा फोन वाजला तर उत्तम. पलीकडून कोणी अनोळखी माणूस ‘हॅलो’ म्हणाला, तर त्याची माफी मागा आणि नवा बिल्ला आजच करून घ्या.