मीडिया विकला गेलाय, पुढे पाठवा

‘सगळा मीडिया विकला गेलाय’ हे वाक्य हल्ली नमस्काराच्या जागी आलं आहे. आमच्या सोसायटीतले काका ते रोज सकाळी, शेजाऱ्यांचा पेपर उघडण्यापूर्वीच म्हणतात. आधी निकाल, मग साक्षीपुरावे, असा त्यांचा शिरस्ता. आपल्या नेत्यावर टीका आली की पेपर विकलेला. विरोधकावर आली की त्याच पेपरातल्या मजकुराखाली लाल रेघ ओढून, फोटो काढून ग्रुपवर. खालच्या मजल्यावरचे काका दुसऱ्या पक्षाचे. त्यांनाही हाच पेपर विकलेला वाटतो, फक्त गिऱ्हाईक वेगळं.

मध्यपूर्वेतल्या हिंसाचाराच्या त्याच बातम्या पाहून इस्रायलच्या बाजूचे आणि अरबांच्या बाजूचे, दोघंही ‘आमच्यावर अन्याय’ म्हणतात, हे स्टॅनफर्डच्या संशोधकांनी १९८५ साली दाखवलं. आमच्याकडे आले असते तर चहाच्या खर्चात काम भागलं असतं.

अविश्वासाला कारण नाही असं कोण म्हणेल? २००९च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रात पैसे मोजून बातम्या छापून आल्याच होत्या. ते चव्हाट्यावर आणलं पी. साईनाथ यांनी, तेही एका दैनिकातच. पण एवढा तपशील काकांच्या लाल रेघेत मावत नाही. उलट २०१६ साली दोन हजारांच्या नोटेत चिप असल्याचं काही चॅनेलांनी सांगितलं, ते त्यांनी विनातक्रार मानलं; नोट उजेडात धरून पाहिलीसुद्धा. विकलेला मीडिया त्या दिवशी रजेवर असावा.

पेपर विकत घेण्याला मात्र काकांचा तात्त्विक विरोध आहे. “जाहिरातदारांच्या जिवावर चालतात ते, आपण का पैसे द्यायचे?” म्हणून शेजाऱ्यांचा पेपर ते शब्दकोडं सोडवूनच परत करतात.

मग खरी बातमी कुठून कळते? फॉरवर्डमधून. ‘मीडिया हे दाखवणार नाही’ असं वर लिहिलं असलं की पुरे. पेपरवर निदान संपादकाचं नाव असतं, खुलासा मागता येतो, कोर्टात खेचता येतं. फॉरवर्डला बापच नाही, म्हणून तो निःपक्षपाती.

१ जुलै २०१८ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा निनावी मेसेजांच्या भरात जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांना ठेचून मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा जाहीर केली. तेव्हापासून काका पाच-पाच करून पाठवतात.